वॉशिंग मशिनच्या मोटरीतील बिघाड आणि त्याचे निदान : पार्श्वभूमी

मशिनचा ड्रम फिरत नाही अशी तक्रार आली की आज बहुतेक ठिकाणी मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड अख्खाच बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि पुष्कळदा तो मल्टिमीटर (विजेचा रोध वगैरे मोजणारे मीटर) लावण्यापूर्वीच दिलेला असतो. ही पद्धत पहिल्यापासूनची नाही. मोटरीची रचना, तिच्यातील तारेचा धातू आणि दुरुस्तीचा खर्च यांत गेल्या तीसेक वर्षांत झालेल्या बदलांतून ती हळूहळू रुजली.

विजेवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रे अमेरिकेत १९०८ ते १९१० च्या सुमारास बाजारात आली. त्यांची मोटर टबाखाली उघडीच असे आणि तिच्यावर पाणी ठिबकून शॉर्ट सर्किट होत असे. पाणी आणि वाइंडिंग (मोटरीतील तारेची वेटोळी) यांचे हे शेजारपण अजूनही सुटलेले नाही. सेमी-ऑटोमॅटिक मशिनच्या स्पिनरखालील रबरी सील झिजले की पाणी शाफ्टवरून थेट मोटरीवर उतरते, आणि सील न बदलता नवी मोटर बसवली तर काही महिन्यांत तीही तशीच भिजून निकामी होते.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत मशिन खऱ्या अर्थाने आले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून, आणि तेही मुख्यतः दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक रूपात. त्यात दोन स्वतंत्र इंडक्शन मोटरी असतात. धुण्याच्या मोटरीला दोन्ही दिशांनी फिरायचे असल्याने तिची दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात, त्यांच्या टोकांमध्ये कॅपॅसिटर (मोटरीला फिरायला सुरुवातीचा झटका देणारा भाग) जोडलेला असतो आणि टायमर आळीपाळीने एकेका टोकाला थेट वीज देऊन दिशा बदलतो. या रचनेमुळे तपासणी सोपी होती. वीज तोडून आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज करून मीटर लावला, आणि सामाईक तार व पहिले टोक यांच्यात समजा २० ओहम रोध भरला, तर दुसऱ्या टोकाशीही तितकेच आणि दोन टोकांमध्ये ४० च्या आसपास भरायला हवेत. हा हिशेब जुळला आणि बॉडीला विजेची गळती नसली, तर मोटरीवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नसे. मग मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही याचा अर्थ बहुधा कॅपॅसिटर उतरला आहे, असा घेतला जाई. १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ६ वर आला की मोटरीला सुरुवातीचा झटका मिळत नाही. काही वेळ चालून बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी मोटर म्हणजे तिच्यातील, फार तापल्यावर वीज तोडणारा थर्मल प्रोटेक्टर आपले काम करतो आहे. अशा वेळी ती तापते कशाने, हे शोधायचे असते. बेल्ट फार ताणलेला आहे का, पल्सेटरखाली (टबाच्या तळाच्या फिरत्या चकतीखाली) मोजा अडकला आहे का, व्होल्टेज पडलेले आहे का, हे पाहणे निदानाचाच भाग होते. मोटर खरोखर जळालेली निघाली, तरी गावोगावच्या वाइंडिंगच्या दुकानांत ती नव्याने भरून मिळे.

ही घडी विस्कटण्यास मोटरीत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरण्याचा निर्णय विशेष कारणीभूत ठरला, आणि त्याच्याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. तांब्याचा जागतिक भाव २००३ साली सरासरी टनाला २००० डॉलरच्या आत होता. मे २००६ मध्ये त्याने ८००० डॉलरची पातळी ओलांडली. त्यानंतर घरगुती उपकरणांच्या मोटरींत ॲल्युमिनियमची तार वाढत गेली. उत्पादकांची बाजू सरळ होती. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असली, तरी घनता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. तारेचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट घेतले की रोध तेवढाच राहतो आणि तरीही मोटर हलकी व स्वस्त पडते. कागदावर यात काहीही चूक नाही, आणि ॲल्युमिनियम म्हणजे फसवणूक असे सरसकट म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही.

अडचण निर्माण होते ती या हिशेबाच्या बाहेर. जाड तारेला खाचेत जागाही जास्त लागते. ती दिली नाही तर तार बारीक राहते आणि मोटर मुळातच अधिक तापते. शिवाय ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर बसतो, त्यामुळे साधे सोल्डर (डाग देण्याचा धातू) त्यावर नीट धरत नाही. आतली ॲल्युमिनियमची तार आणि बाहेर येणारी तांब्याची वायर यांचा जोड कच्चा राहिला, तर गरम-थंड होऊन तो सैल पडतो आणि शेवटी तुटतो. मीटर अशा मोटरीत अनंत रोध दाखवतो, म्हणजे वाइंडिंग उघडे पडल्याचे सांगतो. मात्र बिघाड वेटोळ्यात आहे की बोटभर अंतरावरच्या जोडावर, हे मोटर उघडून टोकाचे बांधकाम सोडल्याशिवाय कळत नाही. त्यातच २००५ नंतरची काही वर्षे राज्याने कडक भारनियमन सोसले. इंडक्शन मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर तो जेमतेम ५५ टक्के उरतो. कपड्यांनी भरलेला टब अशा जोरावर फिरत नाही आणि जागीच अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढत राहते. त्या काळात जळालेल्या मोटरींचा सगळा दोष धातूच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे. खरा आक्षेप असा की तांब्याची मोटर असल्यास खोक्यावर ठळकपणे छापले जाते आणि ॲल्युमिनियमची असल्यास गप्प बसले जाते. ग्राहकाला निवड करण्याची संधी मिळत नाही आणि कारागिराला काय उघडतो आहोत याची कल्पना नसते.

परिणाम मात्र झाला. ॲल्युमिनियमची नवी मोटर इतकी स्वस्त पडू लागली की तांब्याने रिवाइंडिंग करण्याची मजुरी तिच्या किमतीच्या जवळ गेली. बदलणेच परवडते म्हटल्यावर तपासणीला वेळ देण्याचे कारण उरले नाही, आणि दहा मिनिटांत बदलण्याजोग्या कॅपॅसिटरपायी चांगल्या मोटरी भंगारात जाऊ लागल्या.

याच सुमारास फ्रंट-लोड मशिनमधून कार्बन ब्रशच्या (फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) मोटरी परिचयाच्या झाल्या. त्यांची तपासणी वेगळी. झिजलेले ब्रश ही त्यांची नेहमीची व्याधी. आणि ड्रम एकदम सुसाट सुटून लगेच थांबत असेल, तर वेग मोजणाऱ्या टॅकोचे कॉइल किंवा त्याचे चुंबक आधी पाहायचे असते. बेल्टशिवाय थेट ड्रम फिरवणारी इलेक्ट्रॉनिक मोटर न्यूझीलंडमधील एका उत्पादकाने १९९१ मध्ये आणली होती, आणि दहा वर्षांच्या आत कोरियन कंपन्याही त्या वाटेने गेल्या. भारतात ‘इन्व्हर्टर’ या नावाने ती घरोघरी पोहोचली ती बरीच नंतर. तिच्यात ब्रश नाहीत आणि तो कॅपॅसिटरही नाही. स्टेटरच्या (मोटरीच्या स्थिर भागाच्या) तीन तारांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये सारखाच रोध भरला आणि बॉडीला विजेची गळती नसली, तर वाइंडिंग बहुधा ठीक असते. संशय रोटरची (फिरत्या भागाची) जागा सांगणाऱ्या सेन्सरवर, त्याच्या कनेक्टरवर किंवा बोर्डावर जातो. नेमका हा बोर्ड अनेक मशिनांत ओलाव्यापासून वाचवण्यासाठी रेझिनमध्ये बुडवलेला असतो, त्यामुळे त्याच्यावरचा एखादा किरकोळ भाग बदलणेही जिकिरीचे होते.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशिनची मोटर, ब्रश आणि बोर्ड हे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान १० वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना पुरवणे बंधनकारक आहे, आणि निदानासाठी लागणारी तांत्रिक माहितीही त्यांना द्यावी लागते. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल सुरू झाले. त्यावर घरगुती उपकरणांचा विभाग आहे. पण मशिन बिघाडाच्या वेळी दाखवते त्या एरर कोडचा पूर्ण अर्थ, वाइंडिंगचा अपेक्षित रोध आणि तारेचा धातू या तीन गोष्टी जाहीर करण्याची सक्ती त्यातून आलेली नाही.