पार्श्वभूमी : गेममधल्या पात्रांचा धसका

‘ट्रॉमा’ला मराठीत ‘आघात’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्या शब्दानं अर्धंच काम होतं. घाव बसला तो क्षण म्हणजे आघात. मागे जे उरतं त्याला आपल्याकडे धसका म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तो आघात. त्यानंतर ज्यांनी घरालगत पुन्हा माड लावलाच नाही, त्यांनी धसका घेतला. कथेवर चालणाऱ्या गेममध्ये पात्रं निर्णय घेतात ते या धसक्यातून, म्हणून शब्दाची एवढी चिकित्सा.

वैद्यकात या अवस्थेला १९८० साली अधिकृत नाव मिळालं, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर. गेममध्ये मात्र बराच काळ घरची माणसं मारली जाणं म्हणजे नायकाला मिळालेला मारामारीचा परवाना, एवढंच होतं. २००१च्या ‘सायलेंट हिल टू’नं ते बदललं. मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून जेम्स धुक्यात बुडालेल्या गावात येतो. तिचा जीव त्यानंच घेतलेला असतो. शेवट कोणता हवा, हे गेम विचारत नाही, तुमच्या वागण्यावरून ताडतो. उपचार न करता जखमी अंगानंच फिरत राहिलात, एका बाईनं हवाली केलेली सुरी पुन्हा पुन्हा काढून बघितलीत, की याला जगायचं नाही असं तो धरून चालतो.

वाद पेटला तो २०१३च्या ‘द लास्ट ऑफ अस’वरून, आणि अजून विझलेला नाही. जोएलची मुलगी सुरुवातीलाच त्याच्या हातांत जाते. तिनं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ त्या रात्री फुटतं. वीस वर्षांनंतरही ते बंद घड्याळ त्याच्या मनगटावर असतं. पुढे जगभर पसरलेल्या साथीला दाद न देणारी एली नावाची मुलगी त्याच्या हवाली होते. इस्पितळात तिच्या मेंदूतून साथीवरचा इलाज मिळण्याची आशा असते, पण त्यात तिचा जीव जाणार असतो. जोएल तिला उचलतो आणि वाटेतल्यांना मारत निघतो. ऑपरेशनच्या खोलीत तिघं असतात. दोघांना सोडता येतं. सर्जनला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही.

कंट्रोलर खेळणाऱ्याच्या हातात आणि निर्णय गेम बनवणाऱ्यांचा, ही फसवणूक आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. दशावतारात दुर्योधन मरणार हे ठाऊक असूनही आपण पहाटेपर्यंत बसतोच की. (तिथं गदा आपल्या हातात नसते, हा प्रतिवाद मान्य.) पण धसका घेतलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात हेच मुळात खरं नाही. बटण दिलं असतं तर जोएल थंड डोक्यानं हिशेब करणारा माणूस ठरला असता. एलीला काय हवं होतं, हे डॉक्टरांनीही विचारलं नाही आणि त्यानंही नाही. शेवटी तो तिच्याशी खोटं बोलतो, तेव्हाही खेळणाऱ्याला विचारत नाहीत.

पुढची वर्षं भराभर गेली. ‘हेलब्लेड’ (२०१७) मानसोपचारतज्ज्ञांना आणि नायिकेसारखे भास अनुभवलेल्यांना सोबत घेऊन तयार झाला. ‘डिस्को एलिझियम’मध्ये (२०१९) पर्याय ढीगभर, पण निवडलेलं जमेल का हे फासे ठरवतात. हाही प्रामाणिकच मार्ग, फक्त जास्त बोलका.

‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी आला. निसर्ग येऊन सोळा दिवस झाले होते, आमच्याकडे वीज नव्हती. जनरेटरवर पैसे देऊन मोबाइल चार्ज करायच्या रांगेत उभं राहून मी त्याची कथा आधीच वाचून टाकली. सर्जनची मुलगी सूड घेते, मग एली तिच्या मागे लागते. शेतावर संसार थाटल्यावरही मेंढ्या आत घालताना एका आवाजासरशी जोएलचा शेवट एलीच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि ती कोलमडते. आमच्या घरी पडवीचा पत्रा वाजला की आई आजही उठून बसते, आणि कडी लावलेली असली तरी पुन्हा चाचपून येते.

एली तर जोडीदार आणि लेकरू मागे ठेवून पुन्हा सुडाला निघते. खेळणारे ‘नको जाऊस’ म्हणत बसतात. तिथंही बटण नाही.