कुत्रं मागे लागलं की जोरात पेडल मारा? अजिबात नको!

ताम्हिणी, वरंधा असल्या सामसूम रस्त्यांवर सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच, कुत्रं अंगावर आलं तर थांबू नको, सुसाट पळव. चुकीचं आहे हे. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हा कुत्र्याचा स्वभावच, त्यात चढ असला तर तुम्ही हरणारच, आणि लाथ मारायला गेलात की तोल जाऊन आपटता.

त्यापेक्षा वेग कमी करा, उतरा, सायकल आडवी धरा, म्हणजे कुत्रा आणि तुमची पोटरी यांच्यामध्ये फ्रेम येते. डोळ्यात डोळे घालू नका, दमदार आवाजात "हाड!" म्हणा आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. बहुतेक वेळा तो त्याची हद्द संपली की भुंकून गप होतो. धनगरांच्या कळपाजवळ तर आधीच उतरून चाला, ती कुत्री राखण करत असतात, त्यांचं कामच आहे ते.

आणि चावलंच तर हळद, मिरची, चुना काहीही लावू नका प्लीज, बाटलीतल्या पाण्याने सुरुवात करा, मग साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झालीत, आता रेबीजची लस दंडात देतात.