स्ट्रोकर इंजिन (ऑफ-रोड, कमी खर्चातलं)

ब्लॉक तोच ठेवून जास्त थ्रोचा (केंद्रापासून रॉडची पिन जितकी दूर तो थ्रो) क्रँकशाफ्ट बसवायचा, पिस्टनचा स्ट्रोक वाढवायचा आणि त्यातून सीसी वाढवायची, अशा इंजिनाला स्ट्रोकर म्हणतात. नुसतं बोअर मोठं केलेलं इंजिन स्ट्रोकर नाही, पण प्रत्यक्षात ब्लॉक खोललाच आहे तर थोडं बोअरिंग होतंच, त्यामुळे दोन्ही एकत्रच येतात. ऑफ-रोडवाल्यांना याचं आकर्षण का ते उघड आहे, खडकावर चढताना 5000 आरपीएम कुणालाच नको असतात, 1500ला टॉर्क हवा असतो.

ही पद्धत कुठून आली यावर मतं दोन. दोन्हींचं मूळ अमेरिकेतल्या हॉट-रॉड (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्या) मंडळींकडे जातं आणि काळही साधारण 1940च्या दशकाच्या आसपासचाच धरतात. पहिल्या मताप्रमाणे ही रेसिंग वर्कशॉपची कारागिरी, म्हणजे क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर) वेल्डिंगचा थर चढवायचा आणि केंद्र सरकवून पुन्हा ग्राइंड करायचं. दुसऱ्या मताप्रमाणे पद्धत खरी पसरली ती कारखान्याचेच पार्ट अदलाबदल करून. फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-8चा स्ट्रोक 3.75 इंच होता, 1949च्या मर्क्युरीचा 4 इंच, आणि त्याच घराण्यातला असल्यामुळे तो क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये फार खटपट न करता बसायचा. "कमी खर्चातला" म्हणायचं तर हे दुसरं मतच जास्त पटतं, कारण वेल्डिंगवाला क्रँक कधीच स्वस्त नव्हता. पुढे शेवरोलेचा 383 आला, 350च्या ब्लॉकमध्ये 400चा क्रँक (आकडे घन इंचांचे), तोही याच वाटेनं, फक्त तिथे मेन जर्नल 2.65 इंचावरून 2.45वर ग्राइंड करावे लागतात, ब्लॉकच्या कडेला रॉड बोल्टसाठी जागा करावी लागते, आणि 400चा क्रँक बाहेरून बॅलन्स होणारा असल्यामुळे डॅम्पर-फ्लायव्हीलचाही विचार करावा लागतो.

ऑफ-रोडमध्ये मात्र स्वस्त स्ट्रोकर म्हटलं की एएमसीचं (अमेरिकन मोटर्सचं) सरळ सहा सिलिंडरवालं इंजिन, म्हणजे जीपचं 4.0. याचं कारण त्याच्या वंशावळीत आहे. 1964ला हे घराणं 232 घन इंचापासून सुरू झालं. 1971ला कंपनीनं बोअर 3.75 इंचच ठेवून स्ट्रोक 3.5वरून 3.895 इंच केला आणि 258 तयार झालं, म्हणजे पहिला स्ट्रोकर कंपनीनंच बनवला म्हणायला हरकत नाही. त्यासाठी ब्लॉकची डेक-उंची (क्रँकपासून ब्लॉकच्या वरच्या सपाटीपर्यंतची) सुमारे अष्टमांश इंच वाढवली. नंतर 1987 मॉडेलपासून 4.0 आलं, बोअर 3.875 आणि स्ट्रोक 3.414 इंच, ते 2006पर्यंत चाललं. मेन आणि रॉड जर्नलचे व्यास 258 आणि 4.0चे सारखेच. त्यामुळे भंगारातल्या 258चा क्रँक 4.0च्या ब्लॉकमध्ये टाकणं म्हणजे एका भावाचे कपडे दुसऱ्याला घालणं. बोअर स्टँडर्ड ठेवलं तर 4.5 लिटर, 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज केलं तर 4.6, 60 थाऊ केलं तर जवळपास 4.7. 60 थाऊला सिलिंडरच्या भिंतीची जाडी तपासल्याशिवाय हात लावू नये.

आता मूळ वाद, कनेक्टिंग रॉड कुठले वापरायचे. 258चे रॉड 5.875 इंचाचे, 4.0चे 6.125चे, फरक पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. क्रँकचा थ्रो वाढला तो स्ट्रोकच्या फरकाच्या निम्मा, 6.1 मिमी. म्हणजे 258चा क्रँक आणि 258चेच रॉड घेतले तर 4.0चा साधा पिस्टन टॉप डेड सेंटरला (सगळ्यात वर आल्यावर) आधीपेक्षा फक्त पाव मिमी खाली थांबतो, म्हणून खास पिस्टन लागत नाहीत आणि सगळी स्वस्ताई इथेच आहे. 4.0चे लांब रॉड ठेवायचे तर पिनपासून डोक्यापर्यंतची उंची सुमारे 40.7 मिमीवरून 34च्या आसपास आणलेले पिस्टन लागतात, म्हणजे ऑर्डर देऊन बनवलेले. रॉड आणि स्ट्रोकचं गुणोत्तर 1.79वरून 258च्या रॉडनं 1.51वर येतं, लांब रॉडनं 1.57वर. लांब रॉडचा पक्ष घेणारे साइड-थ्रस्ट आणि सिलिंडरच्या झिजेचा मुद्दा काढतात आणि तो चुकीचा नाही, पण कमी आरपीएमच्या गाडीत 1.51 आणि 1.57मधला फरक चालवणाऱ्याला जाणवेल असं वाटत नाही.

खरी अडचण क्वेंचची, म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडशी उरणाऱ्या अरुंद फटीची. साधा पिस्टन मुळातच डेकच्या थोडा खाली असतो, त्यात हा पाव मिमी, वर गॅस्केटची जाडी, म्हणजे पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट 2 मिमीच्या घरात जाते. हवी साधारण 1 ते 1.5 मिमी. फट मोठी असली की मिश्रण नीट घुसळत नाही आणि नॉकिंग सुरू होतं. त्यातच सीसी वाढली आणि चेंबर तेवढाच राहिला म्हणून कॉम्प्रेशन रेशो 8.8वरून 9.7च्या आसपास पोचतं. डेक फेस करून पाऊण मिमी उतरवला तर क्वेंच सुधारतो, पण कॉम्प्रेशन 10च्या वर जातं, मग साध्या पेट्रोलवर पुन्हा नॉकिंग! यावरचा रुळलेला उपाय म्हणजे डेक उतरवायचा आणि लेथवर पिस्टनच्या डोक्यातला खड्डा थोडा खोल करायचा, सहाही पिस्टनचं वजन पुन्हा जुळवायचं. क्रँक-रॉडवर वाचवलेला पैसा इथे मशिन शॉपला जातो, हे आधीच हिशेबात धरलेलं बरं.

258चा क्रँक दोन प्रकारचा मिळतो, जुना 12 काउंटरवेटचा जड, आणि साधारण 1980-81च्या सुमारास आलेला 4 काउंटरवेटचा हलका. जड क्रँक जास्त गुळगुळीत चालतो असं बरेच जण मानतात, पण सरळ सहाचं प्राथमिक बॅलन्स मुळातच चांगलं असतं, त्यामुळे जो सरळ आणि बिनभेगेचा मिळेल तो घ्यावा. काही जुन्या क्रँकचं पुढचं टोक लांब असतं, पुली सरळ रेषेत येते का ते जुळवणीआधीच बघायचं. मागचं पायलट बेअरिंगही (गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकतो ते) गिअरबॉक्सप्रमाणे निवडायचं.

हेडमध्ये 0331 कास्टिंगचं हेड तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये तडकण्यासाठी बदनाम आहे, त्यापेक्षा जुनं 7120 किंवा 0630 बरं. कॅम सौम्यच ठेवावा. मोठा कॅम टाकला की खालचा टॉर्क जातो आणि स्ट्रोकर कशाला केला तेच विसरायला होतं. फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेला, कॅमवर घासणारा) असल्यामुळे नवा कॅम झिंकवाल्या तेलावर रुळवावा लागतो, नाहीतर कॅमचे उंचवटे (लोब) पहिल्याच दिवशी खलास.

इंजेक्शन एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालतं, म्हणून ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीनं ते वाढीव हवेशी बऱ्यापैकी जुळवून घेतं. पूर्ण थ्रॉटलला मात्र ऑक्सिजन सेन्सर विचारात घेतला जात नाही आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं, त्यावर ताशी 24 पाउंडचे इंजेक्टर हा नेहमीचा तोडगा. मूळचे साधारण 21चे.

5000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 14.5 मीटरवरून 16.5 मीटरवर जातो, म्हणून वर फिरवायचा मोह टाळतात. रेडिएटर स्वच्छ हवा. आणि मागे डाना 35 (तुलनेनं नाजूक) एक्सल असेल तर मोठे टायर लावून वाढलेला टॉर्क त्यावर सोडण्याआधी दोनदा विचार करावा.