मुलांच्या अन्न-ॲलर्जीसाठी तोंडावाटे इम्युनोथेरपी : निर्णय घेण्यापूर्वी पालकांसाठी माहिती

ज्या अन्नाची मुलाला ॲलर्जी आहे, तेच अन्न अत्यल्प मात्रेत रोज देऊन आणि ती मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवून शरीराची सहनशक्ती वाढवणे, असे या उपचाराचे स्वरूप आहे. ॲलर्जी कायमची जाईल, असे आश्वासन आम्ही कोणत्याही पालकांना देत नाही. चुकून पोटात गेलेला घास जिवावर बेतू नये, हा या उपचाराचा मुख्य हेतू आहे. बहुतेक मुलांमध्ये हे संरक्षण मात्रा चालू असेपर्यंतच टिकते. १ ते ३ वर्षे वयाच्या मुलांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शेंगदाण्याच्या चाचणीत मात्र, उपचार थांबवून सहा महिने झाल्यानंतरही सुमारे एकपंचमांश मुलांची सहनशक्ती टिकून होती.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये एका पावडरीला मान्यता दिली. तिच्या ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीच्या वेळापत्रकावरून कालावधीचा अंदाज येतो. पहिल्या दिवशी दवाखान्यात ०.५ ते ६ मिलिग्रॅम प्रथिनापर्यंत चढत्या मात्रा दिल्या जातात; त्यानंतर रोज ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, दर दोन आठवड्यांनी दवाखान्यातच मात्रा वाढवत, साधारण २२ आठवड्यांत ३०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास एका शेंगदाण्याएवढी मात्रा गाठली जाते. पुढे तीच मात्रा रोज घ्यावी लागते. या पावडरीच्या मुख्य चाचणीत, उपचार घेतलेल्या सुमारे ६७ टक्के मुलांना ६०० मिलिग्रॅम प्रथिन सहन झाले; औषधविरहित पावडर घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होते.

निर्णय घेताना आपण दवाखान्याच्या फेऱ्यांपेक्षा घरातल्या संध्याकाळींचा विचार अधिक करावा, असे आम्हांला मनापासून वाटते. मूल खेळून घामाघूम होऊन आले असेल, तर त्याचे अंग निवेपर्यंत थांबावे, आधी काही खाऊ घालावे आणि मगच मात्रा द्यावी. त्यानंतर किमान दोन तास धावपळ नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही आणि लगेच झोपही नाही, कारण या काळात मूल मोठ्या माणसाच्या नजरेसमोर असले पाहिजे. ताप, उलट्या किंवा दम्याचा त्रास असल्यास मात्रा देण्याआधी आम्हांला विचारावे. एरवी सहज पचणारी मात्रा अशा दिवशी त्रासदायक ठरू शकते.

तोंडाला खाज सुटणे, पोट दुखणे, अंगावर गांधी उठणे असे त्रास अनेक मुलांना होतात. काहींना तीव्र रिॲक्शनही येते आणि ती घरीही येऊ शकते. म्हणूनच ॲड्रिनलिनचे इंजेक्शन जवळ असणे आणि घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस देता येणे, ही आमची अट आहे. दमा आटोक्यात नसल्यास किंवा अन्ननलिकेचा इओसिनोफिलिक दाह (इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी साचून अन्ननलिकेला येणारी सूज) असल्यास आम्ही हा उपचार सुरू करत नाही.

उपचार न घेता काटेकोर पथ्य पाळणे, हाही तितकाच जबाबदार निर्णय आहे. उपचार चालू असतानाही, दिलेली मात्रा सोडून, ते अन्न वर्ज्यच राहते. मूल कळत्या वयाचे असेल, तर त्याचे मत आधी विचारावे; रोज नकोशी चव गिळायची आहे ती त्याला.

पहिल्या भेटीस येताना आधीच्या रिॲक्शनची नोंद, तपासण्यांचे अहवाल आणि चालू औषधे सोबत आणावीत, तसेच घरी मात्रा देणाऱ्या व्यक्तीनेही आवर्जून यावे.