दोन गुंड्यांमधली फट

"सुई लावू नका, पसरेल." गालात महिनाभर न भरणारी जखम असते, डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात आणि घरातलं कुणीतरी हमखास हे बोलतं. मग लेप, काढे, अंगारा. जखम कर्करोगाची असेल तर तोवर गाठ स्वस्थ बसत नाही. पसरायला तिला सुई लागत नाही, तिचे रस्ते ती स्वतः बांधते.

पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिकाग्रंथी. पेशींमधलं पाणी, प्रथिनं, जंतू गोळा करून ग्रंथींकडे नेतात त्या लसिकावाहिन्या. शरीरातल्या सहाशे-आठशे ग्रंथींपैकी जवळपास ३०० एकट्या मानेत आहेत. (मसाजने यांचं 'डिटॉक्स' करणाऱ्यांनी नेमकं काय बाहेर काढलं ते एकदा दाखवावं.)

या वाहिनीची भिंत मला फार आवडते. बारीक टोकाशी ती पेशींच्या एकाच थराची. शेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या, पण सलग शिवण नाही. शर्टाच्या गुंड्यांसारखे टाके ठिकठिकाणी. दोन गुंड्यांमधली फट हीच झडप. बाहेर दाब वाढला की ती आत उघडते, आतला वाढला की मिटते. शिवाय बारीक धाग्यांनी या पेशी आजूबाजूच्या मांसाला बांधलेल्या असतात. सूज आली की धागे ताणतात आणि फट रुंदावते. पांढऱ्या पेशी इथूनच आत शिरतात. कर्कपेशीही.

वाट कमी पडली तर गाठ नवी काढते. ती व्हीईजीएफ-सी हे प्रथिन सोडते. हेलसिंकीत कारी आलिटालो यांच्या गटाने ते १९९६ मध्ये शोधलं. वाहिनीच्या पेशीवरच्या व्हीईजीएफआर-३ या ग्राहीला (ठरावीक रसायन पकडणाऱ्या रेणूला) ते चिकटलं की पेशी विभागतात, वाहिनीला फांद्या फुटतात, जुन्या वाहिन्या फुगतात. त्यातून वाहिन्या सीसीएल-२१ हे रसायन पाझरवतात. ती हाक खरं तर पांढऱ्या पेशींसाठी, पण ज्या कर्कपेशीवर ती पकडणारा सीसीआर-७ हा ग्राही असतो, तिलाही ती ऐकू येते.

तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा, मानेत हाताला काहीच लागत नाही, अशा ५०० रुग्णांचा हिशेब मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये मांडला. तोंडातल्या गाठीबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढल्या, त्यांच्यात ३ वर्षं जगण्याचं प्रमाण ८० टक्के. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५.