बुडण्यासाठी बांधलेली जहाजं : आरसी वॉरशिप कॉम्बॅट आलं कुठून

परवा सोलापुरात साखर पेठेत शेजारच्या अण्णांच्या यंत्रमागाच्या शेडमागं जो सिमेंटचा हौद आहे ना, त्यात आमच्या बोटीची पहिली टेस्ट झाली. बघायला गल्ली जमलेली, आणि झाडून सगळ्यांचा प्रश्न एकच, तोफ खरंच उडती का? उडती की. पण ही बोट बुडणार कशी, हे एकानंही विचारलं नाही, आणि माझ्या मते या छंदाचा, म्हणजे आरसी (रेडिओ कंट्रोल, रिमोटवर चालणाऱ्या) छोट्या युद्धनौकांनी एकमेकींवर गोळ्या झाडून बुडवायच्या खेळाचा, सगळा इतिहास त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे. गोळी मारायचं तंत्र लोकांकडं केव्हाच होतं, नियमात राहून प्रामाणिकपणे बुडायचं कसं हे ठरवायला फार वेळ लागला. म्हणून हे जरा नीट लिहून काढतोय.

सुरुवात टेस्लापासून करावी लागती. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं पाण्याच्या टाकीत एक छोटी लोखंडी बोट सोडली आणि लांब उभं राहून, मध्ये वायर नाही काही नाही, ती वळवून दाखवली, तिचे दिवे लावून विझवून दाखवले. पेटंट ८ नोव्हेंबर १८९८ चं, नंबर ६१३८०९. आपल्या जुन्या गिरणीचा भोंगा सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, त्यावरून काळाचा अंदाज येईल. टेस्लाच्या डोक्यात खेळणं नव्हतं, नौदलासाठी माणसाशिवाय चालणारं हत्यार होतं, पण अमेरिकेच्या नौदलानं तेव्हा त्यात रस घेतला नाही. म्हणजे रेडिओवर चालणारी पहिली वस्तू विमान नाही, कार नाही, बोट! हे मला फार आवडतं.

दुसरा धागा इंग्लंडमधला. स्कारबरो गावात पीझहोम पार्कच्या तळ्यात १९२७ पासून छोट्या युद्धनौकांची लढाई दाखवतात. त्या बोटी माणूस आत बसेल एवढ्या, आत नगरपालिकेचे कामगार बसून चालवतात, बाहेर धूर, आवाज, फटाके. आपल्याकडं गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला जशी गर्दी होती तशी तिथं होत असणार असं मला वाटतं. पण तिथं स्फोट ठरलेले, कोण जिंकणार तेही ठरलेलं. लढाईचा देखावा म्हणून उत्तम, पण निकाल खुला नाही, भोक पडलं की पाणी शिरलं असा हिशोब नाही.

मधली वर्षं रेडिओ लहान होण्यात गेली. १९५० च्या आसपासचे हौशी सेट म्हणजे एकच बटण. एकदा दाबलं की रडर, म्हणजे सुकाणू, डावीकडं, सोडलं की सरळ, परत दाबलं की उजवीकडं, आणि हे फिरवायला पिळलेलं रबर. त्यावर बोट फिरवता येती, लढवता येत नाही. मग ट्रान्झिस्टर आले, १९६० च्या दशकात प्रपोर्शनल सर्वो आले, म्हणजे काडी जेवढी हलवाल तेवढंच रडर हलणार, आणि एकाच वेळी तीन-चार चॅनेल मिळायला लागले, एक स्पीडला, एक रडरला, एक तोफेला. लढाईला एवढंच लागत होतं.

आणि मग १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेक्सासमध्ये काही हौशी लोकांनी ठरवलं की मॉडेल जहाजांनी एकमेकांवर खरंच गोळ्या झाडायच्या. कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर ४.५ मिलिमीटरची छर्ऱ्याएवढी गोळी. तत्त्व एअरगनचंच, त्यात नवीन फारसं नाही. नवीन होतं ते जहाजाचं अंग. हलचा, म्हणजे जहाजाच्या धडाचा, सांगाडा पक्का ठेवायचा पण बाजूला मोठ्या खिडक्या सोडायच्या आणि त्यावर पातळ बाल्साची, म्हणजे हलक्या मऊ लाकडाची, कातडी लावायची, वर रंगवलेला पातळ कागद. गोळी लागली की स्वच्छ गोल भोक, पाणी आत. लढाई संपली की भोकं मोजायची, ठिगळ लावायचं, आणि अगदीच चाळणी झाली तर कातडी काढून नवीन. हे ज्यांना सुचलं त्यांना माझा नमस्कार, कारण त्यामुळं महिनोन्‌महिने राबून बांधलेलं जहाज एका दुपारी बुडवता येतं आणि पुढच्या खेळाला परत उतरवता येतं.

मग पुढचे सगळे वाद आणि नियम या बुडण्याभोवतीच फिरले. आत पाणी आलं तर ते फेकायला पंप लागतोच, पण पंप फार ताकदवान असेल तर बोट कधी बुडणारच नाही, म्हणून पंपाच्या तोंडाचं भोक किती असावं हे ठरलं. सांगाड्याचा किती भाग भरीव चालेल हे ठरलं, नाहीतर लोक चिलखतच घालतील. बोट तळाला गेली तर दोरीला बांधलेला फ्लोट आपोआप वर यायला पाहिजे, म्हणजे ती ओढून काढता येती. अमेरिकेतल्या एका प्रकारच्या खेळात पाण्याच्या वरच्या भोकाला १० गुण, पाण्याच्या रेषेवरच्याला २५ आणि रेषेखालच्याला ५०. हे बघा किती विचार आहे यात, नुसता नेम धरून चालत नाही, शत्रूला वळवून त्याची कूस वर येईल असं करायचं आणि तेव्हा खाली मारायचं.

पुढं दोन घराणी पडली. एकात सगळ्यांची गोळी सारखी, बोटी चपळ, तोफांची संख्या जहाजाच्या वर्गावर, त्याला फास्ट गन म्हणतात. दुसऱ्यात, म्हणजे बिग गनमध्ये, खऱ्या जहाजाची तोफ मोठी तर मॉडेलची गोळीही मोठी, आणि खऱ्याचं चिलखत जाड तर बाल्साही जाड. मला मनातून दुसरं घराणं पटतं, खर्च बघून पहिलं.

माप बहुतेक ठिकाणी १:१४४. खऱ्याचे १२ फूट म्हणजे मॉडेलचा १ इंच, हिशोब तोंडी होतो. जहाजं मुख्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली, म्हणजे १९०६ साली १२ इंची १० तोफा घेऊन आलेल्या ब्रिटिश ड्रेडनॉटपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतची. कारण सरळ आहे, तेव्हा जहाजं एकमेकांना बघून तोफांनी लढायची. क्षेपणास्त्रं आली आणि ती समोरासमोरची लढाई गेली.

यातली खरी मेख वजनात आहे. लांबी १४४ पट कमी केली की वजन १४४ च्या घनानं कमी होतं, म्हणजे जवळजवळ ३० लाख पट. जपानचं यामाटो २६३ मीटर लांब आणि भरलेलं ७० हजार टनांच्या वर, त्याचं मॉडेल १८३ सेंटीमीटर आणि २४ किलोच्या आसपास, त्यात बॅटरी, गॅसची बाटली, पंप सगळं आरामात बसतं. छोट्या क्रूझरला, म्हणजे मोठ्या युद्धनौकेहून हलक्या लढाऊ जहाजाला, मात्र ग्रॅम ग्रॅम मोजावा लागतो. म्हणून नवख्यानं मोठी युद्धनौका घ्यावी असा सल्ला देतात, तो बरोबर आहे, आणि तरी आम्ही क्रूझर घेतली.

ती का घेतली ते सांगतो. आयएनएस दिल्ली. हे जहाज आधी अ‍ॅकिलिस नावानं न्यूझीलंडच्या बाजूनं होतं, आणि १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत एक्झेटर आणि अजॅक्सच्या सोबतीनं जर्मनीच्या ग्राफ श्पेला भिडलं होतं. श्पेच्या तोफा ११ इंची, अ‍ॅकिलिसच्या ६ इंची आठ. तरी श्पेला माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरावं लागलं आणि १७ डिसेंबरला तिच्याच लोकांनी ती बुडवली. अ‍ॅकिलिस १९४८ साली भारताकडं आलं, दिल्ली झालं, १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत होतं, १९७८ ला निवृत्त झालं, म्हणजे टेक्सासमध्ये हा खेळ आकाराला येत होता साधारण त्याच सुमारास. खरी लांबी १६९ मीटर, आमची ११७ सेंटीमीटर. वजन सुमारे ७ हजार टन, त्याचं अडीच किलोच्या आसपास येतं. नळ्या आठ दिसतील पण क्रूझरचा कोटा लहान, चालणारी एखादीच.

हे आपल्याकडं उशिरा का आलं, तर एक कारण वायरलेसचा कायदा. १९३३ पासून रेडिओ यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागायचा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याशिवाय खुला झाला, आणि त्याच सुमारास त्याच पट्ट्यावरचे हौशी रिमोटही बाजारात आले, त्यामुळं आता फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवायला रिमोटमधले क्रिस्टल बदलायची भानगड नाही, दोघांचे रिमोट एकमेकांत घुसत नाहीत. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिप मॉडेलिंग आधीपासून आहे, त्यामुळं बाल्सावर हात बसलेली पोरं मिळतात. बाकी सामान सोलापुरात मिळतं याचं मला खरंच कौतुक आहे. हवेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पीयू ट्यूब, ओ-रिंग हे कारखान्यांना लागतंच, एमआयडीसीच्या बाजूला दुकानात विचारलं की पुढ्यात ठेवतात. बाल्सावर चिकटवायला आम्ही पतंगाचा ताव वापरतोय, वरून लॅकरचे दोन हात, भोक छान गोल पडतंय.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. पोरं म्हणतात, दादा, सिद्धेश्वर तलावात सोडू की. नाही. तिथं देवाला आलेली माणसं असतात, मासे असतात, आणि पोलादी गोळी पाण्यावरून उसळून कुठंही जाती. कंबर तलावावर पक्षी. बाहेरच्या देशातही बघणाऱ्यासकट सगळ्यांना गॉगल सक्तीचा असतो आणि गोळ्या कुठल्या दिशेला जाणार ते आधी बघून तळं निवडतात. आम्ही हौदातच करणार, चारी बाजूंनी भिंत, गॅस जोडलेला असताना जवळ कुणी नाही. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं एकदा भरलेला हौद महिनाभर पुरवतो आणि बोट बुडवून झाली की तेच पाणी अण्णांच्या झाडांना.

समोरचं जहाज अजून नाही. अण्णांचा भाचा ग्राफ श्पे बांधायला तयार झालाय, १८६ मीटरची, म्हणजे १२९ सेंटीमीटर, तीन नळ्यांचे दोन टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज. त्याचा सांगाडा कापून झालाय, प्लायवूडच्या फासळ्या शेडमध्ये मागाच्या बाजूला रांगेत उभ्या आहेत, गड्डा झाला की कातडी चढवायची.