बौद्ध मंदिरांतील माती व चुनेगच्चीच्या मूर्ती

न भाजलेली माती किंवा चुन्याचा गिलावा सांगाड्यावर थापून घडवलेल्या आणि वरून रंगवलेल्या मूर्ती. गांधार (आजचा वायव्य पाकिस्तान व पूर्व अफगाणिस्तान), मध्य आशिया, चीन आणि जपान येथील प्राचीन बौद्ध विहारांत, तसेच भारतात नालंदा, स्पिती व लडाख येथे त्या आढळतात. दगडाची मूर्ती करताना शिल्पी नको तेवढा दगड काढून टाकतो. येथे तो थरावर थर चढवीत जातो. भारतीय परंपरेने या कामाला वेगळे नावच दिले आहे. भागवताच्या एकादश स्कंधात (अध्याय २७) प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत दगडाची, लाकडाची व धातूची प्रतिमा यांच्या पाठोपाठ ‘लेप्या’ येते, म्हणजे लेप देऊन घडवलेली.

या मूर्तींत साहित्य आणि जागा यांचा संबंध अतूट असतो. माती पावसात विरघळते, म्हणून ती छपराखाली. चुना पाण्याला दाद देत नाही, म्हणून तो उघड्यावर. पुष्कळशा ठिकाणी मूर्ती कोठे बसवायची हे ठरले की ती कशाची करायची हेही ठरून जात असे. शिवाय अशी मूर्ती बहुधा भिंतीलाच जोडलेली असते. तिची पाठ म्हणजे भिंत, तिचे प्रभामंडळ म्हणजे भिंतीवरचे चित्र. ती उचलून दुसरीकडे नेली की तिचा निम्मा अर्थ मागे राहतो.

साहित्य व घडण

सांगाडा लाकडाचा. लहान मूर्तीला एक काठी पुरते. मोठीला मधोमध खांब, त्याला आडवे दांडके आणि हातांसाठी वाकड्या फांद्या लागतात. त्यावर पेंढा किंवा गवताच्या जुड्या दोरीने आवळून अंगाची ढोबळ जाडी आणतात. त्यामुळे मूर्ती हलकी होते आणि मातीला धरून राहायला खरखरीत बैठक मिळते. पहिला हात भरड मातीचा, त्यात गव्हाचे भुस्कट कालवलेले. तो सुकत आला की वरून बारीक माती. तिच्यात कापसाचे वा तागासारखे मऊ तंतू, कधी जनावरांचे केस. नाक, ओठ, बोटे आणि वस्त्राच्या चुण्या या वरच्या थरात उमटतात. शेवटी पांढरे अस्तर, रंग आणि ऐपत असेल तर सोन्याचा मुलामा.

भुस्कट आणि तंतू का, हे शाडूचा गणपती घडताना पाहिलेल्या कोणालाही चटकन समजेल. ओली माती सुकताना आक्रसते. आतले लाकूड तिच्याबरोबर आक्रसत नाही. जाड थर एकदम दिला तर मूर्ती छातीपाशी उभी तडकते. तंतू हा ताण वाटून घेतात, म्हणून एका मोठ्या भेगेऐवजी अनेक सूक्ष्म भेगा पडतात आणि पुढचा हात त्या भरून काढतो. कुडाच्या भिंती लिंपताना मातीत भुसा घालतात तोही यासाठीच. बांबू, पेंढा, तूस घातलेली माती आणि वरून मऊ माती हा क्रम बंगालमधील दुर्गेच्या मूर्ती करणारे कारागीर आजही पाळतात.

चुनेगच्चीचे गणित निराळे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, वाळू मिसळून मळायची. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि म्हणूनच पावसात टिकतो. पण भट्टीला सरपण फार लागते, त्यामुळे चुना जपून वापरावा लागे. गांधारातील कितीतरी मूर्तींच्या आत दगडगोटे व माती आहे आणि वर चुन्याची केवळ एक कातडी. मध्य आशियाच्या कोरड्या भागात चुन्याऐवजी जिप्समही वापरत. चेहरे व अलंकार पुष्कळदा साच्यातून काढून मूर्तीला जोडले जात. पश्चिम चीनमधील कराशहरजवळच्या शोरचुक येथे असे साचे सापडले आहेत.

तक्षशिला: चुना बाहेर, माती आत

गांधारातील सुरुवातीच्या मूर्ती करड्या शिस्ट दगडाच्या आहेत. इ. स. च्या तिसऱ्या शतकानंतर चुनेगच्चीचे प्रमाण वाढत गेले. तक्षशिलेच्या परिसरात चांगला शिस्ट मिळत नसे, तो दुरून आणावा लागे. जवळ होता तो कंजूर नावाचा सच्छिद्र चुनखडक. कोरीव कामाला निकृष्ट, पण गिलावा धरायला उत्तम. दगड ओबडधोबड घडवायचा आणि नाकडोळे चुन्यात काढायचे, अशी पद्धत येथे रुळली.

तिचा सर्वांत बोलका नमुना जौलियाँ येथे आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिलेत जे उत्खनन केले, त्यात टेकडीवरचा हा विहार उजेडात आला. मुख्य स्तूपाभोवती भाविकांनी बांधलेल्या लहान स्तूपांची दाटी आहे. त्यांपैकी एखाद्या स्तूपासमोर बसून खालून वर पाहत जावे. सर्वांत खाली गुडघे मोडून बसलेले भारवाहक यक्ष, हत्ती आणि सिंह. साऱ्या स्तूपाचे ओझे जणू त्यांच्या खांद्यांवर. एका यक्षाचा चेहरा खरोखरच ओझ्याने पिळवटलेला, शेजारचा मात्र निवांत. त्यांच्या वर भित्तिस्तंभांच्या मधल्या चौकटींत ध्यानस्थ बुद्ध, दोन्ही बाजूंना सेवक. काही मूर्तींखाली खरोष्ठी लिपीत दात्यांची नावे आहेत. एका बुद्धमूर्तीच्या नाभीत भोक आहे. त्यात बोट घालून प्रार्थना केली की व्याधी बरी होते, अशी श्रद्धा सांगितली जाते.

ही झाली बाहेरची बाजू. भिक्षूंच्या निवासाकडील मूर्ती मातीच्या होत्या, आणि त्या उरल्या त्या आगीमुळे. पाचव्या शतकात विहार जळाला. छप्पर कोसळले, भूर्जपत्रांवरील हस्तलिखित करपले, आणि त्याच आचेत कच्च्या मूर्ती विटेसारख्या भाजून निघाल्या. विहार पेटला नसता तर छप्पर गेल्यानंतरच्या पावसाळ्यांत त्यांचा चिखल झाला असता. जवळच्या मोहरा मोरादू येथे भिक्षूच्या एका खोलीत अख्खा लहान स्तूप जवळजवळ शाबूत मिळाला, तोही बंद जागेत असल्यामुळेच.

हड्डा

पूर्व अफगाणिस्तानातील जलालाबादजवळचे हड्डा हे मोठे तीर्थक्षेत्र होते. बुद्धाच्या कवटीचे अस्थी तेथे पूजिले जात असल्याचे चिनी यात्रेकरू फाहियानने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले आहे. १९२६ ते १९२८ या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्यूल बार्थू यांनी तेथे उत्खनन केले आणि असंख्य चुनेगच्ची मूर्ती उजेडात आल्या. त्यांतील बऱ्याच आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहेत. जगभरच्या संग्रहालयांत गांधार शैलीची सुटी मस्तके मोठ्या संख्येने दिसतात. त्याचे कारण घडणीतच आहे: मस्तक वेगळे करून, दांडीवर बसवून धडाला जोडलेले असे; धड मातीचे आणि मस्तक चुन्याचे असेल तर धड विरून जाई व मस्तक उरे. काचेच्या पेटीतले ते देखणे डोके एखाद्या पूर्ण मूर्तीचाच नव्हे, तर पूर्ण भिंतीचा तुकडा असते, हे पाहणाऱ्याने विसरू नये.

भिंतीसह हे शिल्प कसे दिसत असेल ते तापा शोतोर (अर्थ : उंटाचे टेकाड) येथे कळले. शैबाई मुस्तमंदी आणि झमरियालाई तर्झी या अफगाण पुरातत्त्वज्ञांनी १९६० व १९७०च्या दशकांत तेथे खणले आणि मातीच्या मूर्ती जागच्या जागी ठेवल्या. एका कोनाड्यात बुद्ध बसलेला आणि त्याच्या शेजारी खडकावर वज्रपाणी (बुद्धाचा वज्रधारी रक्षक), पण रूप थेट ग्रीक हेराक्लीसचे: दाढी, पिळदार दंड, खांद्यावर सिंहाचे कातडे. हातात मात्र गदेच्या जागी वज्र. दुसऱ्या दालनात नागकथेचा देखावा होता. तीन भिंतींवर पाण्याच्या लाटा, मासे आणि पाण्यातून वर येणाऱ्या आकृती. लाटा जमिनीवरही उतरलेल्या. आत पाऊल टाकणारा पाण्यातच उभा राही. मातीत जे साधते ते दगडात साधणे किती कठीण आहे, हे त्या दालनाइतके दुसऱ्या कशाने पटत नाही. पुढे अफगाणिस्तानातील युद्धांत हे सारे नष्ट झाले. आता छायाचित्रे आहेत.

मध्य आशिया

गझनीजवळच्या तापा सरदार येथे इटालियन पथकाला मातीच्या मोठ्या बुद्धमूर्तींबरोबर महिषासुरमर्दिनीचे अवशेषही एका बौद्ध मंदिरात मिळाले. सातव्या-आठव्या शतकात ही देवी तेथे बौद्ध परिवारात सामावली होती.

ताजिकिस्तानातील अजिना तेपा येथे १९६६ मध्ये सुमारे १३ मीटर लांबीचा निर्वाणस्थ (आडवा पहुडलेला) बुद्ध सापडला. तो स्तूपाभोवतीच्या अरुंद दालनात भिंतीलगत होता, त्यामुळे पूर्ण मूर्ती एका नजरेत कधीच मावत नसे. उपासक तिच्या बाजूने चालत जाई. अजिंठ्याच्या लेणे २६ मध्ये डाव्या पाखातला सुमारे ७ मीटरचा निर्वाणबुद्ध पाहिलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. तो दगडाचा, हा मातीचा, पण जागेमागचा विचार एकच. अजिना तेपाचा बुद्ध तुकडे करून दुशान्बेला नेला व पुन्हा जोडला; २००१ पासून तो तेथील संग्रहालयात आहे.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अफगाणिस्तानातील बामियानचे ५५ व ३८ मीटरचे बुद्ध उडवून देण्यात आले. ते कड्यात कोरलेले होते खरे, पण त्यांचे चीवर (भिक्षूचे वस्त्र) लेप्य होते. मोठ्या बुद्धाच्या चुण्यांसाठी खडकात खुंट्या ठोकून दोर लावले होते आणि त्यांवर भुस्कट-केस मिसळलेली माती चढवली होती. विध्वंसानंतर गोळा केलेल्या तुकड्यांतील भुस्कटामुळेच कार्बन कालमापन शक्य झाले: लहान मूर्ती इ. स. ५४४–५९५, मोठी ५९१–६४४.

तुनहुआंग

चीनमधील तुनहुआंग येथे इ. स. ३६६ पासून खोदल्या गेलेल्या मोगाओ लेण्यांचा कडा वाळू आणि गोट्यांचा आहे. छिन्नी लावली की गोटा निखळतो. मूर्ती कोरणे अशक्यच. म्हणून ४९२ लेण्यांत मिळून दोन हजारांहून अधिक मूर्ती मातीच्या. अतिभव्य मूर्तींसाठी खोदताना खडकाचा ढोबळ गाभा राखून त्यावर माती चढवली. लेणे ९६ मधील ३५.५ मीटरचा मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध (इ. स. ६९५), असाच आहे.

जागेचा क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. जुन्या लेण्यांत मध्यभागी चौकोनी खांब, त्याच्या चारी बाजूंना कोनाडे आणि भोवती प्रदक्षिणेचा मार्ग. भारतीय चैत्यातील स्तूपाने घेतलेले हे चिनी रूप. पुढे खांब गेला आणि मागच्या भिंतीतील एकाच मोठ्या कोनाड्यात सारा परिवार आला. लेणे ४५ मध्ये मधे बुद्ध, मग त्याचे शिष्य आनंद व काश्यप, मग दोन बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या मार्गावरील उपास्य), कडेला दोन लोकपाल (दिशांचे रक्षक) अशा सात मूर्ती आहेत. काश्यप म्हातारा, आनंद कोवळा तरुण, बोधिसत्त्व कमरेत किंचित झुकलेले. भिंतीवरील चित्रातली मंडळी या सातांच्या मागे पुढे सरकत गेल्यासारखी दिसतात.

भारत

अजिंठा, वेरूळ, कान्हेरी येथे कठीण बेसाल्ट हाताशी असल्याने मातीच्या मूर्तींची गरजच पडली नाही. मात्र भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला अजिंठ्याचा चित्रांखालचा गिलावा याच कुळातला, आणि तेथील दगडी मूर्तींवरही पातळ लेप व रंग होता. नालंदा येथे मंदिर क्र. ३ च्या कोपऱ्यांतील मनोऱ्यांवर विटांच्या कोनाड्यांत बुद्ध-बोधिसत्त्वांच्या चुनेगच्ची मूर्ती आहेत; बाहेरची जागा, म्हणून चुना.

स्पितीतील ताबो विहार इ. स. ९९६ चा. तेथे सभामंडपाच्या भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या वर, मातीच्या ३२ देवता पुढे झुकल्यासारख्या बसवल्या आहेत आणि मध्ये चतुर्मुख वैरोचन बुद्ध. कागदावर सपाट काढले जाणारे वज्रधातू मंडल येथे खोलीच्या आकाराचे झाले आहे. भक्त मंडलाच्या आतच वावरतो. लडाखमधील आल्ची येथील सुमत्सेक मंदिरात तीन कोनाड्यांत तीन उंच बोधिसत्त्व उभे आहेत. त्यांची मस्तके वरच्या मजल्यात पोचतात, त्यामुळे खाली उभे राहिले की नजरेसमोर येतात ती धोतरे. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र रंगवले आहे, मंजुश्रीच्या धोतरावर सिद्ध आणि अवलोकितेश्वराच्या धोतरावर प्रासाद व मंदिरे.

जपान

होर्यूजी येथील पाच मजली पगोड्याच्या तळमजल्यावर इ. स. ७११ मध्ये चार दिशांना मातीचे चार देखावे मांडले गेले. उत्तरेला बुद्धाचे निर्वाण आहे. पुढे बसलेले भिक्षू तोंड उघडून, छाती बडवून रडत आहेत. मूर्ती वीतभर-दोन वीत उंचीच्या, पण त्या आक्रोशाला तोड नाही.

नारा येथील तोदाइजीच्या होक्केदो मंदिरात शुकोंगोशिन, म्हणजे वज्र उगारलेला वज्रपाणी, मुख्य मूर्तीच्या मागे उत्तरेकडे तोंड करून बंद देव्हाऱ्यात उभा आहे. उंची माणसाएवढी, घडण आठव्या शतकातली, मातीची. देव्हारा वर्षातून एकदाच, १६ डिसेंबरला उघडतात. उरलेले दिवस तो अंधारात असतो, आणि त्यामुळे चिलखतावरचे रंग व सोन्याचा मुलामा अजून दिसतात.